मांधात्यावर थांबलेला कस्तूर

शुक्रवार

होळी झाली की इंदूरची पक्षीवेडी मंडळी दुर्बिणी पुसून कपाटात ठेवून देतात. सिरपूर आणि यशवंतसागरवरची बदकं उत्तरेला गेलेली असतात, ऊन तापायला लागतं आणि नवरंग यायला पावसाची वाट बघावी लागते. माझ्या भाच्याला हे अजिबात पटत नाही. त्याच्या मते मार्चअखेर हेच खरे दिवस. सह्याद्रीत हिवाळा काढलेले पक्षी याच सुमाराला हिमालयाकडे परत निघतात, रात्री आपल्या डोक्यावरून जातात, दिवसा कुठेतरी टेकतात, आणि आपण तेव्हा पंख्याखाली बसलेलो असतो. म्हणून पाडव्याच्या आधी ओंकारेश्वरला नर्मदेतल्या मांधाता बेटाची परिक्रमा उरकून घ्यायचं वहिनींनी काढलं, तेव्हा "गाडी मी चालवतो" म्हणून तो आपणहून पुढे झाला. त्याचं देवाधर्मावर एकाएकी प्रेम कसं उफाळून आलं, ते पाठीवरच्या बॅगेतल्या कॅमेऱ्याने सांगितलं.

जीरावण भुरभुरलेले पोहे खाऊन रामबागेतून निघालो. दादा पुढे, मी आणि वहिनी मागे, मधे दशम्या आणि लसणाच्या चटणीचा डबा. तेजाजीनगर, सिमरोल, मग भेरूघाट. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. हा घाट उतरला की माळव्याचं पठार संपतं, निमाड सुरू होतं आणि हवा लगेच बदलते. रस्त्याच्या कामाची धूळ आणि ट्रकांची रांग यांविषयी लिहिण्यासारखं काही नाही. घाटाखाली मोहाची फुलं टोपल्यांत वेचणाऱ्या बायका दिसल्या. पळसाचा बहर सरत आला होता. बडवाह ओलांडून नर्मदेच्या पुलावर आलो तशी वहिनींनी काच खाली करून नाणं टाकलं आणि "नर्मदे हर" म्हणाल्या. मोरटक्क्याहून डावीकडे वळून ओंकारेश्वर गाठलं.

उतरलो शेगावच्या गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात. इंदूरच्या मराठी घरांचं ओंकारेश्वरचं हे जवळपास ठरलेलं ठिकाण. स्वच्छ खोल्या, वेळेवर जेवण, आणि आवारात इतकी झाडं की सामान टाकायच्या आत भाच्याने यादी सुरू केली.

संध्याकाळी ममलेश्वराचं दर्शन घेऊन घाटावर बसलो. पाण्यावरून नदी सुरय चोच खाली करून जात होते, कड्याच्या कपारींतून पाकोळ्या आत-बाहेर करत होत्या. पलीकडच्या काठावर, पायऱ्या संपून खडक सुरू होतो तिथे, एक निळा-राखाडी पक्षी शेपटी हलवत उभा होता. निळा शैलकस्तूर. हा आमच्या ओळखीचा. दर हिवाळ्यात मांडूच्या पडक्या महालांवर हमखास भेटतो. हा तिकडे युरोपच्या दक्षिण टोकापासून इकडे हिमालयापर्यंत घरटी करतो. माल्टा या बेटावरच्या देशाचा हा राष्ट्रीय पक्षी, आणि युरो येण्याआधी तिथल्या एक लीराच्या नाण्यावर त्याचं चित्र असायचं. उघड्या खडकावर, सगळ्यांना दिसेल असं बसायची याची सवय. ही सवय लक्षात ठेवा, उद्या कामाला येईल.

जेवताना गप्पा डोंगरी पक्षी बेटांवर कसे पोचतात यावर आल्या. भाच्याने वॉलक्रीपरची गोष्ट काढली. आल्प्सपासून हिमालयापर्यंतच्या उंच कड्यांवर राहणारा, राखाडी अंगाचा आणि किरमिजी पंखांचा चिमुकला पक्षी. १९७६-७७ च्या हिवाळ्यात तो समुद्र ओलांडून इंग्लंडमधल्या चेडर घळीत येऊन राहिला. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्याच घळीत दिसला. त्याला बघायला लोक लांबलांबून आले.

"आपल्या मांधात्यावर कोण येणार तसलं?" दादा म्हणाला.

"बेट तर आहेच की," वहिनी म्हणाल्या, "चारी बाजूंनी पाणी."

शनिवार

पहाटे झुलत्या पुलावरून पलीकडे गेलो. पुलाखाली पाणी उतरलेलं होतं. इथल्या घाटांवर पाणी किती असेल, हे बेटाच्या वरच्या अंगाचं ओंकारेश्वर धरण ठरवतं. ५२० मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे. पाणी सोडायचं झालं की भोंगा वाजतो आणि घाटावरचे लोक वर सरकतात. काठावर तशा सूचनांचे फलकही आहेत, आणि फलकांच्या खालीच लोक डुबक्या मारत असतात.

ओंकाराचं दर्शन गर्दीत जसं होतं तसं झालं. मग परिक्रमेला लागलो. बेटाला वळसा साधारण सात किलोमीटरचा. वाटेच्या कडेने गीतेचे श्लोक कोरलेल्या शिळा आहेत, त्यामुळे वहिनी वाचत वाचत चालत होत्या आणि आम्हा दोघांना झाडं न्याहाळायला भरपूर वेळ मिळत होता. पश्चिम टोकाला संगम. दक्षिणेकडून येणारी कावेरी नर्मदेला मिळते, पण तिच्यात न मिसळता बेटाच्या उत्तरेने वाहत जाऊन इथे पुन्हा भेटते, अशी श्रद्धा आहे. म्हणून बेटाच्या उत्तरेचा प्रवाह कावेरी म्हणूनच ओळखला जातो. संगमावर ऋणमुक्तेश्वराला चण्याची डाळ वाहतात. दादाचं घराचं कर्ज केव्हाच फिटलंय, तरी वहिनींनी डाळ वाहिलीच. "पुढचं आत्ताच फेडून ठेवते," म्हणाल्या.

तिथून वाट चढायला लागते. चढावर दादाचा गुडघा कुरकुरला, म्हणून लिंबूपाणीवाल्याच्या छपराशेजारी एका सपाट दगडावर टेकलो. साडेआठ वाजत आले होते. वाटेच्या खालच्या अंगाला एक उथळ घळ आहे. अंजन, धावडा, मधे एखादा वड. अंजनाची नवी तांबूस पालवी वर, आणि खाली गेल्या वर्षाचा वाळका पाला चांगला घोटाभर. ऊन बाकी सगळीकडे पोचलं होतं, घळीत अजून सावली होती.

खालून पाला उलटल्याचा आवाज आला. सातभाई असते तर सगळा डोंगर डोक्यावर घेतला असता. हा आवाज एकाचाच होता: दोन पानं उलटली की गप्प, जरा थांबून पुन्हा दोन. मी दुर्बीण लावली. आधी नुसता पाला दिसला. मग पाल्यातला एक तुकडा टुणकन पुढे आला, मान तिरकी करून थांबला, चोच खुपसून एक पान बाजूला फेकलं आणि खालचा किडा उचलला. आकार बुलबुलापेक्षा जरा लहान, उभं राहणं कस्तुराचं.

सावलीत तो काळाच वाटला. मग खालच्या फांदीवर उडून बसला, आणि उडताना पाठीचा मागचा भाग विटकरी-नारिंगी चमकला. पंखावर पांढरा ठिपका. फांदीवर बसला तो पुतळाच झाला, शेपूटसुद्धा हलवेना. एका कवडशात त्याने डोकं वळवलं आणि टाळू निळी झाली, पुन्हा वळवलं तर काळपट. महेश्वरी साडीतल्या धूपछाँव विणीसारखा तो रंग होता, कोन बदलला की वेगळा.

"आत्या, कळलं!" भाच्याने फोन काढला.

"काही उघडायचं नाही," मी म्हटलं. "आधी लिहून होऊ दे."

याबाबतीत मी हट्टी आहे. एकदा पुस्तकातलं चित्र बघितलं की डोळा पक्षी बघायचा सोडून चित्रच बघायला लागतो. न दिसलेलं दिसल्यासारखं वाटतं आणि दिसलेलं विसरतं. म्हणून पक्षी समोर असतानाच वहीत उतरवायचं. त्या सकाळची नोंद जशीच्या तशी देते:

"टाळू निळी, चकाकी कवडशातच. डोळ्यावरून गालापर्यंत काळा पट्टा. गळा निळा. छातीपासून खाली सगळं विटकरी-नारिंगी, पाठीचा मागचा भागही तसाच. पाठ काळपट. खांद्यावर निळा डाग. पंखावर पांढरा ठिपका, बसलेला असतानाही दिसतो. चोच गडद. शेपटी हलवत नाही. जमिनीवर पाला उलटतो, घाबरला की सावलीतल्या बुटक्या फांदीवर. आवाज नाही."

एवढं झाल्यावर फोन उघडायची परवानगी दिली. खरं तर गरज उरली नव्हती. हा निळ्या डोक्याचा शैलकस्तूर, इंग्रजीत ज्याला ब्लू-कॅप्ड रॉक थ्रश म्हणतात. कालचा घाटावरचा कस्तूर असता तर सगळाच निळा-राखाडी दिसला असता, शिवाय तो उघड्या दगडावर बसला असता. हिमालयात याचा एक मोठा भाऊ आहे, तांबूस पोटाचा शैलकस्तूर, तो मात्र फसवू शकतो. तोही वरून निळा, खालून तांबूस. पण त्याच्या पंखावर पांढरा ठिपका नसतो. म्हणजे सगळा निवाडा त्या नखाएवढ्या पांढऱ्यावर, आणि तो मी आधीच लिहून ठेवला होता.

हा पक्षी हिमालयातला. उन्हाळ्यात साधारण एक ते तीन हजार मीटर उंचीवरच्या जंगलांत घरटं करतो आणि हिवाळ्यात थेट सह्याद्रीच्या दाट झाडीत जातो. गोवा, कर्नाटक, केरळच्या जंगलांत जाणाऱ्यांना तो भेटतो. मधला हजारो चौरस किलोमीटरचा मुलूख तो रात्रीच्या अंधारात ओलांडतो. आम्ही नेमके त्या मधल्या मुलखात राहतो, त्यामुळे आमच्या नशिबी त्याचा थांबा असतो, मुक्काम नाही. मांधात्यापासून हिमालयाची सगळ्यात जवळची डोंगररांग सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर. या कस्तुराला तेवढं अजून जायचं होतं, आणि त्याची शिदोरी त्या वाळक्या पाल्याखाली होती.

त्याचा रंग इतका लख्ख का, हेही सांगायला हवं. हिवाळ्यात नराच्या नव्या पिसांना फिकट कडा असतात, त्यामुळे तो खवलेदार, मळकट दिसतो. वसंत येईपर्यंत त्या कडा झिजून जातात आणि खालचा निळा-नारिंगी उघडा पडतो. नवी पिसं न येताच नवा रंग येतो. हा नर अगदी त्या अवस्थेतला होता, फक्त मानेच्या मागे दोन-तीन फिकट कडा अजून शिल्लक होत्या.

भाच्याला त्याचा आवाज फोनवर वाजवून त्याला जवळ बोलवायचं होतं. मी हात धरला. उडून उडून थकलेल्या पाखराला खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे पळवायचं, आणि कशासाठी तर एका फोटोसाठी? तो जरा हिरमुसला, पण फोन खिशात गेला. फोटो मिळाले ते बहुतेक फांदीचे. एकात मात्र पंखावरचा ठिपका आणि नारिंगी पोट दोन्ही स्पष्ट आलेत.

एव्हाना आमच्या मागे घोळका जमला होता. "क्या दिख रहा है भैया, तेंदुआ है क्या?" एका काकांनी विचारलं. चिडिया आहे म्हटल्यावर अर्धा घोळका पांगला. एक परिक्रमावासी बाबा मात्र थांबले. काठी टेकून, दुर्बीण न मागता, नुसत्या डोळ्यांनी बराच वेळ त्या फांदीकडे बघत राहिले. मग "नर्मदे हर" म्हणून चालू लागले. त्यांना तो दिसला की नाही कोण जाणे. कस्तूर आणखी खालच्या सावलीत गेला आणि पाल्याचा आवाजही थांबला.

पुढची वाट मला जरा घाईचीच आठवते. गौरी सोमनाथाचं भलंमोठं लिंग, सिद्धनाथाच्या चौथऱ्यावरचे एकमेकांशी झुंजणारे दगडी हत्ती. हत्तींसाठी कधीतरी निराळं यायला हवं. शंकराचार्यांची १०८ फुटी मूर्ती २०२३ च्या सप्टेंबरात उभी राहिली, तेव्हापासून डोंगरमाथ्याची वर्दळ फार वाढली आहे. मूर्ती बघायला येणाऱ्यांना रस्ते, वाहनतळ, दुकानं लागणार, हे समजतं. पण या डोंगराच्या घळी साफसूफ करून तिथे बाकडी आणि फरशा आल्या, तर पाला जाईल, आणि पाल्याबरोबर असे थांबेही जातील. घळीतला कचरा उचलावा, पाला तिथेच राहू द्यावा.

पूर्व टोकाला बीरखलाचे कडे आहेत. भैरवाचे भक्त तिथून खाली उडी टाकून देह ठेवत, आणि ही प्रथा १८२४ मध्ये बंद झाली. वहिनी कड्याच्या जवळही आल्या नाहीत. तिथे खडकाच्या शेंड्यावर कालचाच, नाहीतर त्याचा भाऊबंद, निळा शैलकस्तूर ऐटीत उभा होता. भाच्याने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काल संध्याकाळी हाच पक्षी केवढा मोठा वाटला होता!

दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. खोलीत पडल्या पडल्या वाद झाला. दादाचं म्हणणं, इतका दुर्मीळ पक्षी असेल तर वर्तमानपत्रात द्या. मी म्हटलं, दुर्मीळ कुणाच्या हिशेबाने? सलीम अलींनी ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ या संस्थानी मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी केली, ती १९३९-४० मध्ये छापून आली. त्यानंतर आमच्या भागात पक्षी बघणारे वाढले, पण बघण्याचे महिने आणि जागा ठरून गेल्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तलाव, बदकं. मार्चच्या शेवटी ओंकारेश्वरच्या घळीत कोण पाला बघत बसतो? हा पक्षी इथे खरोखर क्वचित येत असेल, किंवा दर वर्षी चारदोन येऊन जात असतील आणि त्या दोन-तीन दिवसांत तिथे दुर्बीण नसेल. दोन्ही शक्य आहे. माझा कल दुसऱ्याकडे. नर्मदेच्या दोन्ही अंगांना आता गव्हाची कापणी झालेली उघडी शेतं. रात्रभर उडून आलेल्या, सावली शोधणाऱ्या पाखराला वरून हा झाडीचा डोंगर दिसत असेल, तर तो दुसरीकडे कशाला उतरेल?

"म्हणजे वर्तमानपत्रात देऊ नका," वहिनींनी निकाल दिला.

रविवार

उजाडताच मी आणि भाचा पुन्हा त्या घळीशी. दादा-वहिनी घाटावर. रात्र निरभ्र होती, वारा पडलेला, म्हणजे प्रवासाला सगळं अनुकूल. नर दिसला नाही. लालबुड्या बुलबुल, एक थिरथिरा, फांदीवरून उलट्या टांगलेल्या वानराच्या पिल्लाचे खेळ, एवढंच.

निघायच्या बेताला पाल्यावर एक तपकिरी पक्षी दिसला. खालून फिकट, त्यावर गडद खवले. त्याच जातीची मादी? की निळ्या शैलकस्तुराची? त्या मादीच्या पाठीवर निळसर राखाडी झाक असते आणि चोच लांब. हिची पाठ मला मातकट-हिरवट वाटली आणि चोच आखूड. पण वाटली, इतकंच. ती दोन-तीन उड्या मारून दगडामागे गेली ती परत आलीच नाही. भाचा म्हणाला, "आत्या, मादीच आहे, लिहून टाकू, जोडी होईल." यादीत आम्ही लिहिलं: शैलकस्तूर, जात अनिश्चित, एक.

परतीत बडवाहला चहा, भेरूघाटात पुन्हा ट्रक. वहिनींनी उरलेल्या दशम्या गाडीतच संपवायला लावल्या. संध्याकाळच्या आत रामबाग.

नंतरचं थोडं सांगते. भाच्याने ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकली, तेव्हा अपेक्षेप्रमाणे पडताळणी करणाऱ्यांची विचारणा आली: तांबूस पोटाचा शैलकस्तूर नव्हता कशावरून? त्याने तो एक बरा फोटो आणि माझ्या वहीच्या पानाचं छायाचित्र पाठवलं. नोंद मान्य झाली. मादीची नोंद "अनिश्चित" म्हणूनच आहे आणि तशीच राहू दे.

लगेच इंदूरची दोन-तीन मंडळी ओंकारेश्वरला जाऊन आली. कड्यावरचा निळा शैलकस्तूर बघून परतली आणि म्हणाली, तुमचा पक्षी गेला. गेलाही असेल. पण चौकशी केली तेव्हा कळलं की ती दहाच्या पुढे पोचली होती आणि दुर्बिणी सगळ्या खडकांच्या शेंड्यांवर लावलेल्या. पुढच्या मार्चमध्ये कुणी जाणार असेल त्याच्यासाठी: ऋणमुक्तेश्वराहून वर चढताना, लिंबूपाण्याच्या छपराशेजारची, उजाडलं तरी सावलीत राहणारी घळ, साडेआठच्या आत, आणि नजर पाल्यावर.